ल्युकेमियाच्या औषधांनंतरचा श्वास : वैद्याने वेळीच ओळखावयाचा फुप्फुसविकार

नांदेड व लातूर जिल्ह्यांत व्यवसाय करणाऱ्या बहुतेक वैद्यबंधूंकडे आज ल्युकेमियाचा एखादा तरी रुग्ण येत असतो. त्याचे निदान आपण केलेले नसते, मुख्य औषधयोजनाही आपली नसते. तो परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचा किंवा हैदराबादच्या एखाद्या केंद्राचा रुग्ण असतो. परंतु देगलूर, मुखेड, कंधार, उदगीर, अहमदपूर किंवा निलंगा तालुक्यातील खेड्यात रात्री अकरा वाजता त्याला धाप लागली, म्हणजे तो परळला जात नाही; तो आपल्या दारी येतो. त्या रात्री आपण त्याला काय देतो, आणि त्याहून अधिक म्हणजे काय देत नाही, यावर पुष्कळदा त्याचे जीवित अवलंबून असते. आपल्या संघटनेच्या त्रैमासिकात या विषयावर विस्ताराने लिहावे असे आम्हांस वाटले ते याच कारणाने.

आरंभीच एका शब्दाचा उलगडा केलेला बरा. आपल्याकडील मंडळी ल्युकेमियाला सर्रास 'रक्तार्बुद' म्हणतात. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात वर्णिलेले रक्तार्बुद ही मांसांकुरांनी व्यापलेली, स्रवणारी गाठ आहे. ल्युकेमियात गाठ नसते. अस्थिमज्जेत अपक्व श्वेतकणांची बेसुमार वाढ होते आणि त्यामुळे निरोगी श्वेतकण, रक्तकण व बिंबिका यांना जागाच उरत नाही. नावाच्या साम्यावरून अर्बुदाची चिकित्सा येथे लावणे अशास्त्रीय होय. म्हणून या लेखात आम्ही 'ल्युकेमिया' हाच रूढ शब्द वापरला आहे.

हे रुग्ण आता आपल्याकडे का येऊ लागले, याचे उत्तर आनंदाचे आहे : ते जगू लागले आहेत. आम्ही महाविद्यालयात शिकत होतो त्या काळी खेड्यात 'रक्ताचा कॅन्सर' हे शब्द उच्चारले की घरात रडारड सुरू होई. परंतु त्याआधीच परळला काम सुरू झालेले होते. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले अस्थिमज्जारोपण केले. पाठोपाठ १९८४ पासून बालकांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियासाठी 'एमसीपी ८४१' ही ठरावीक औषधक्रमाची पद्धती तेथे सुरू झाली व बालके बरी होऊन घरी परतू लागली. चिरकारी मायलॉइड ल्युकेमियासाठी इमॅटिनिब हे तोंडाने घ्यावयाचे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या एकाधिकाराचा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था रुग्णांच्या बाजूने उभी राहिली आणि १ एप्रिल २०१३ च्या निकालाने भारतीय बनावटीच्या स्वस्त गोळीचा मार्ग निर्वेध झाला. महिन्याला लाखाच्या वर जाणारा खर्च काही हजारांत बसू लागला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होते; २०१३ च्या अखेरीस ती लातूरसह सर्व राज्यात लागू झाली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. परिणाम असा की दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्महिने मुक्काम केलेला आमचा शेतकरी औषधांची पिशवी घेऊन देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने गावी परततो आणि पुढची तीन-तीन वर्षे गोळ्या घरीच घेतो. औषधांचे उपद्रवही मग घरीच उद्भवतात.

या उपद्रवांत फुप्फुसाचे उपद्रव सर्वांत घातक. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात हिक्का व श्वास यांविषयी सांगताना म्हटले आहे की प्राणहारक व्याधी पुष्कळ आहेत, पण या दोहोंइतक्या त्वरेने प्राण हरण करणारे दुसरे नाहीत. त्याच ठिकाणी श्वासाचे हेतू सांगताना ज्वर, रक्तपित्त, पांडुरोग आणि विष यांचाही निर्देश आहे. ल्युकेमियाच्या रुग्णात हे चारही एकाच वेळी नांदतात. ज्वर आहे, हिरड्यांतून रक्त येते, पांडुता आहे, आणि शरीरात जे औषध गेले आहे ते रोगपेशी मारण्यासाठी योजलेले विषच आहे. असे असता आपण मात्र धाप दिसली की तमकश्वास समजून मोकळे होतो. दमेकऱ्यांची संख्या मोठी, त्यामुळे हात सवयीने तिकडेच वळतो. या रुग्णाच्या बाबतीत ती सवय मोडावी लागते.

फुप्फुस बिघडण्याचे मार्ग अनेक आहेत. औषधाने श्वेतकण लयास गेले की साधा जंतूही न्यूमोनिया करतो, बुरशीही फुप्फुसात रुजते. काही औषधे फुप्फुसाच्या धातूवर स्वतःच आघात करतात. काहींमुळे वाहिन्यांतून द्रव पाझरून फुप्फुसात किंवा फुप्फुसावरणात साठतो. बिंबिका अत्यल्प असल्यास वायुकोशांत रक्तस्राव होतो. रक्त किंवा बिंबिका चढविल्यानंतर सहा तासांच्या आत तीव्र श्वास उद्भवणे हा आणखी निराळा प्रकार. बाहेरून पाहता हे सर्व सारखेच दिसतात : कोरडा खोकला, धाप, थोडा ज्वर. नाडी व स्टेथोस्कोप यांवरून त्यांतील भेद कळेल असे कोणी म्हणू नये. भेद कळण्याची पहिली किल्ली रुग्णाच्या पिशवीत असते. तो कोणती गोळी घेत आहे हे वाचले की निम्मे काम होते.

कंधार तालुक्यातील एका पन्नाशीच्या शेतकऱ्याचे उदाहरण येथे देणे उपयुक्त ठरेल. त्यांना चिरकारी मायलॉइड ल्युकेमिया होता. आरंभी काही वर्षे इमॅटिनिब, पुढे त्याचा गुण ओसरल्यावर डासाटिनिब, असा क्रम होता. एका पावसाळ्यात त्यांना जिना चढताना दम लागू लागला. छातीच्या क्ष-किरण चित्रात उजव्या बाजूस पाणी दिसले. एका खाजगी रुग्णालयात पाणी काढून तपासले. त्यात लिम्फोसाइट पेशी अधिक होत्या. आपल्या भागात छातीत पाणी व त्यात लिम्फोसाइट म्हणजे क्षयरोग, हे समीकरण पक्के बसलेले. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा आठवडे झाले तरी धाप कमी होईना, म्हणून ते 'काही आयुर्वेदिक द्या' असे म्हणत आमच्याकडे आले. आम्ही सर्व गोळ्या टेबलावर मांडावयास सांगितल्या. क्षयाच्या गोळ्यांसोबत डासाटिनिबची डबी निघाली.

येथे दोन गोष्टी एकात एक अडकलेल्या होत्या, आणि दोन्ही प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की डासाटिनिब हे औषध स्वतःच फुप्फुसावरणात पाणी साठवते. इमॅटिनिबशी तुलना करणाऱ्या मोठ्या अभ्यासात पाच वर्षांच्या अवधीत डासाटिनिब घेणाऱ्या शंभरांतील २८ जणांना हा विकार झाला. इमॅटिनिब घेणाऱ्यांत तो शेकडा एकाहूनही कमी होता. हे पाणी औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांतही होते आणि वर्षानुवर्षे निर्वेध गेल्यानंतरही होते; साठीपुढील रुग्णांत अधिक होते. त्या पाण्यातही बहुधा लिम्फोसाइटच असतात. म्हणजे क्षयाचे पाणी व औषधाचे पाणी यांचे रूप अगदी मिळतेजुळते. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. क्षयावरील रिफाम्पिसिन यकृतातील सीवायपी ३ए४ या विकराला चेतवते व डासाटिनिबचा त्वरेने नाश करविते. रिफाम्पिसिनसोबत दिले असता डासाटिनिबची रक्तातील मात्रा सुमारे पाचवा हिस्सा उरते. इमॅटिनिबची सुमारे चौथा. रुग्ण गोळी नियमाने घेतो आहे, परंतु ल्युकेमियाला अडविणारे औषध रक्तात जवळजवळ नाहीच, अशी ही स्थिती.

आम्ही एकही पुडी बांधली नाही. परळच्या फाइलवरील दूरध्वनी क्रमांकावर बोललो, चित्र व अहवाल पाठविले, रुग्णास दुसऱ्या दिवशीच्या गाडीने रवाना केले. तेथे क्षयाचे जंतू कोठेच आढळले नाहीत. क्षयाची औषधे बंद झाली, डासाटिनिब काही काळ थांबविले, स्टेरॉइडचा अल्प क्रम दिला. पाणी तीन आठवड्यांत ओसरले. मात्र मधल्या काळात ल्युकेमियाचे मापन वाढले होते, ते पूर्ववत होण्यास पुढे बरेच महिने लागले. आज ते कमी मात्रेत तेच औषध घेतात.

यावरून डासाटिनिब घेणाऱ्यास क्षय होतच नाही असा अर्थ कोणी काढू नये. मराठवाड्यात क्षय आहे, आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यास तो अधिक होतो. परंतु जंतू सिद्ध करण्याचा प्रयत्न न करता, केंद्राला न विचारता, रिफाम्पिसिन सुरू करणे हे या रुग्णांपुरते तरी थांबले पाहिजे. डासाटिनिबविषयी आणखी एक सूचना : छातीत पाणी नसतानाही धाप वाढत असेल, पायांवर सूज येत असेल, तर फुप्फुसधमनीतील दाब वाढल्याची शक्यता असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. हृदयाची प्रतिध्वनी तपासणी केल्यावाचून ते उमगत नाही. इमॅटिनिबने डोळ्यांभोवती व घोट्यांवर जी सूज येते ती बहुधा निरुपद्रवी असते. तेथे पुनर्नवा देण्याचा मोह होतो. वजन झपाट्याने वाढत असेल व आडवे झाल्यावर धाप लागत असेल तर तो मोह आवरावा आणि आधी छातीचे चित्र काढावे.

बालकांकडे वळू. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे मूल पहिले काही महिने रुग्णालयात काढते आणि नंतर दीड-दोन वर्षे घरी गोळ्या घेते. यात ६-मर्कॅप्टोप्युरिन रोज असते, मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच. ही 'एकदाच'ची गोष्ट आई-वडिलांच्या, कधी औषध दुकानदाराच्याही, ध्यानातून सुटते. मेथोट्रेक्झेट रोज दिले गेले तर तोंडात व्रण येतात, श्वेतकण कोसळतात व मूल दगावू शकते. योग्य मात्रेतही हे औषध क्वचित फुप्फुसाचा दाह निर्माण करते. कोरडा खोकला, ज्वर, आठवडा-पंधरवड्यात वाढणारी धाप हे त्याचे रूप. कोणत्या वाराला गोळी दिली जाते हे विचारण्यास अर्धे मिनिट लागते. आम्ही तो वार मुलाच्या केसपेपरवर लाल शाईने लिहून ठेवतो. अशा मुलास ज्वर व अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नये; मेथोट्रेक्झेट वृक्कातून बाहेर पडते व या वेदनाहारकांनी ते शरीरात अडकू शकते, शिवाय बिंबिका कमी असताना रक्तस्रावाचे भय असते ते वेगळेच.

या मुलांच्या पिशवीत आठवड्यातून दोन-तीन दिवस घ्यावयाची कोट्रायमोक्झॅझोलची गोळी असते. घरच्यांना ती क्षुल्लक वाटते. 'ताप नाही, सर्दी नाही, मग ही अँटिबायोटिक कशाला?' असे विचारून कित्येकजण ती बंद करतात, आणि आपल्यापैकी काहीजण 'उष्ण पडते' म्हणून त्यास दुजोराही देतात. ती गोळी न्यूमोसिस्टिस नामक बुरशीजन्य न्यूमोनिया टाळण्यासाठी असते. १९७७ मध्ये अमेरिकेतील मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयातून जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात ही गोळी न दिलेल्या ८० मुलांपैकी १७ जणांना तो न्यूमोनिया झाला, दिलेल्या ८० जणांत एकालाही नाही. या न्यूमोनियाचे वैशिष्ट्य असे की छातीत स्टेथोस्कोपने फारसे काही ऐकू येत नाही; बसलेल्या मुलाचा प्राणवायू ९५ दिसतो आणि चार पावले चालविले की ८८ वर घसरतो. कोविडच्या साथीनंतर ऑक्सिमीटर प्रत्येक दवाखान्यात आला आहे, त्याचा हा उपयोग ध्यानात ठेवावा. गोळी बंद झाली आहे काय, हे विचारावे.

दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात सोयाबीनची मळणी चालते. अंगणात, रस्त्यावर, छपरापर्यंत भुसा उडतो. त्या भुश्यात, भिजून काळ्या पडलेल्या कडब्यात, जुन्या भिंतीच्या पोपड्यात अस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी मनुष्य ते रोज श्वासावाटे घेतो व त्याला काही होत नाही. ज्याचे श्वेतकण औषधाने पाचशेच्या खाली गेले आहेत त्याच्या फुप्फुसात ते रुजतात, रक्तवाहिन्यांत शिरतात, आणि रुग्ण रक्त थुंकू लागतो. तेव्हा सणासाठी मुलाला गावी आणणाऱ्या पालकांना मळणीचे आठ दिवस त्याला तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे ठेवण्यास सांगणे हा वैद्याचा सल्ला होय. घरात धूपन करण्याचा आपला प्रघात चांगला असला तरी या मुलाच्या खोलीत तो नको. दाह झालेल्या फुप्फुसाला धूर सोसत नाही.

आता त्या प्रकाराकडे येऊ, ज्याचा आपल्या रसशास्त्राशी सर्वांत निकटचा संबंध आहे. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा एके काळी काही दिवसांत रक्तस्रावाने मारणारा व्याधी होता. आज ल्युकेमियाच्या प्रकारांत तो सर्वाधिक साध्य मानला जातो, आणि ज्या दोन द्रव्यांनी हे घडविले त्यांपैकी एक म्हणजे आपला सोमल, अर्थात आर्सेनिक ट्रायऑक्साइड. १९७० च्या दशकात चीनमधील हार्बिन येथे झांग तिंगदोंग व त्यांचे सहकारी एका लोकवैद्यकी औषधाचा अभ्यास करीत होते. त्या औषधात सोमल, पारदाचा क्षार व भेकाचे विष अशी तीन द्रव्ये होती. गुण सोमलाचा, हे त्यांनी शोधून काढले. दुसरे द्रव्य म्हणजे ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल, जीवनसत्त्व 'अ'चे रूपांतर. शांघायच्या चिकित्सकांनी १९८८ मध्ये २४ रुग्णांतील त्याचे यश जगापुढे ठेवले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९९८ पासून केवळ सोमलाच्या शिरांतर्गत प्रयोगाने हे रुग्ण बरे केले गेले. हे वाचून आपल्या मंडळींची छाती अभिमानाने फुगते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु सोमल ज्या मार्गाने गुण देतो त्याच मार्गाने एक मोठा धोकाही देतो, हे ठाऊक असल्याविना तो अभिमान पोकळ ठरतो.

ही दोन्ही द्रव्ये रोगपेशीला मारण्याआधी तिला प्रौढ बनवितात. अपक्व पेशी झपाट्याने परिपक्व होऊ लागल्या म्हणजे त्यांच्यातून दाहजनक द्रव्यांचा लोट सुटतो, पेशी फुप्फुसात शिरतात, वाहिन्या पाझरू लागतात. ज्वर, धाप, दोन-चार दिवसांत कित्येक किलो वाढलेले वजन, फुप्फुसात व हृदयावरणात पाणी, उतरलेला रक्तदाब, मंदावलेले मूत्र हा त्याचा लक्षणसमुच्चय. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या चिकित्सकांनी त्याचे प्रथम सविस्तर वर्णन केले तेव्हा त्यांच्या ३५ रुग्णांपैकी ९ जणांना तो झालेला होता. पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो विशेष आढळतो. उपाय आहे व तो सोपा आहे : संशय येताक्षणी डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम दर बारा तासांनी शिरेवाटे, निदान पक्के होण्याची वाट न पाहता. पण तो रुग्णालयात, प्राणवायू व रक्तदाब यांवर नजर ठेवून करावयाचा उपाय आहे. तीच लक्षणे जंतुसंसर्गाचीही असतात आणि तेथे प्रतिजैविकेही त्याच वेळी लागतात. दवाखान्यात दम्यासाठी जी डेक्साची सुई सहज दिली जाते ती या रुग्णात ज्वर झाकून टाकते व दोन दिवसांची फसवी स्वस्थता देते. केंद्राशी बोलून, त्यांच्या सांगण्यावरून, गाडीत बसविण्यापूर्वी दिलेली मात्रा ही गोष्ट अगदी वेगळी.

आता आपल्या औषधपेटीकडे पाहू, कारण या लेखाचे खरे प्रयोजन तेथेच आहे. श्वास म्हटले की आपला हात श्वासकुठाराकडे जातो. त्यात मनःशिला आहे व वत्सनाभ आहे. त्याहून तीव्र श्वास असेल तर समीरपन्नग. त्यात सोमल आहे व हरताल आहे. ज्या रुग्णाला शिरेवाटे सोमल चालू आहे त्यालाच आपण तोंडाने मनःशिला आणि हरताल देणार काय? सोमलाने हृदयाच्या विद्युत्चक्रातील क्यूटी हे अंतर लांबते व हृद्गती एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून तेथील डॉक्टर वारंवार हृदयालेख काढतात, रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम राखतात. वत्सनाभाचा हृद्गतीवरील परिणाम आपण विषतंत्रात शिकलोच आहोत. इतकेच नव्हे, खोकल्यासाठी अगदी निर्धास्तपणे दिला जाणारा यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास पोटॅशियम उतरवितो. म्हणजे श्वासकुठार, समीरपन्नग व ज्येष्ठमधाचा काढा ही जी आपली नित्याची त्रयी, ती या एका रुग्णासाठी घातक होऊ शकते. ही द्रव्ये वाईट आहेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आम्ही स्वतः ती इतर रुग्णांत यथाविधी वापरतो.

सितोपलादी व तालीसादी यांविषयी मित्रांशी बोलताना पुष्कळदा वाद होतो. 'त्यांत काय अपाय असणार?' असे विचारले जाते. त्यांत पिप्पली आहे. तालीसादीत मरिच व शुंठीही आहेत. पिप्पली-मरिचांतील पिपेरिन हे द्रव्य इतर औषधांचे शोषण वाढविते. हीच आपली योगवाहिता. जम्मूच्या प्रयोगशाळेत डॉ. अटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाअखेर त्रिकटूपासून हे कार्य सुरू केले आणि पुढे रिफाम्पिसिनची मात्रा निम्म्याहून कमी करून त्यात पिपेरिन घातलेली क्षयाची गोळी २००९ मध्ये बाजारात आली. आयुर्वेदाच्या सिद्धांताचा हा गौरव आहे. पण तोच सिद्धांत येथे उलटा विचार करावयास लावतो. प्रयोगशाळेत पिपेरिन सीवायपी ३ए४ विकराला मंदावते, आणि इमॅटिनिब व डासाटिनिब यांचा निचरा तोच विकर करतो. ज्या औषधाची मात्रा जास्त झाली की छातीत पाणी होते, त्याच्यासोबत मात्रा वाढविणारे द्रव्य देण्याचे प्रयोजन काय? वैद्य आधुनिक औषधे लिहीत असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन व इट्राकोनॅझोल यांबाबतही हाच विचार करावा. ती त्या विकराला याहून कितीतरी जोराने रोखतात.

शोधनकर्माविषयी थोडक्यात. तमकश्वासात स्नेहन-स्वेदनोत्तर वमन सांगितले आहे, पण बिंबिका वीस हजारांवर आलेल्या रुग्णाला वमन देणे म्हणजे मेंदूत रक्तस्रावाला निमंत्रण. श्वेतकण कमी असता बस्तीही नको. गुदमार्गातील सूक्ष्म ओरखड्यातून जंतू रक्तात जातात, म्हणून या रुग्णांत गुदमार्गे तापमानही घेत नाहीत. जळू, अग्निकर्म, मांसात सुई, सर्व वर्ज्य.

मग रात्री अकरा वाजता करावयाचे तरी काय? प्रथम फाइल मागावी व औषधांची नावे वाचावीत. शेवटचे रक्त कधी तपासले, शेवटची केमोथेरपी कोणत्या तारखेस झाली हे पाहावे. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान श्वेतकण सर्वांत खाली असतात. तोंडात तापमापी लावावी. एकदाही १०१ अंश किंवा तासभर १००.४ अंश फॅरनहाइट ज्वर असेल, तर तो आपत्कालीन समजावा : शिरेवाटे पहिले प्रतिजैविक तासाभरात पडले पाहिजे, आणि ते आपल्या दवाखान्यात पडत नाही. मिनिटाचे श्वास पूर्ण मिनिट मोजावेत. ऑक्सिमीटर बसून आणि, रुग्णाला झेपत असेल तर, चालवून लावावा. रक्तवर्ण पाच ग्रॅमवर असलेल्या रुग्णाचा ऑक्सिमीटर ९८ दाखवील आणि तरीही त्याच्या हृदयाला प्राणवायू पुरत नसेल, हे विसरू नये. प्राणवायू लावून त्याला अर्धवट बसत्या स्थितीत ठेवावे व वाहन बोलवावे. नांदेडकडील रुग्ण विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, लातूरकडील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा विवेकानंद रुग्णालयात पोहोचवावा. तेथून पुढे परळला न्यावयाचे की नाही हे तेथील डॉक्टर व परळचे डॉक्टर आपसांत ठरवतील. सहाशे किलोमीटरचा प्रवास प्राणवायूविना आरंभण्याचा सल्ला नातेवाईक मागतात, देऊ नये. सोबत द्यावयाच्या चिठ्ठीत आपण काय दिले तेही प्रामाणिकपणे लिहावे, चूर्णे व भस्मेसुद्धा. ती लपविली की पुढचा डॉक्टर अंधारात चाचपडतो.

एक प्रकार वर्षांनंतर प्रकट होतो. १९५० च्या दशकापासून चिरकारी मायलॉइड ल्युकेमियासाठी दिले जाणारे बुसल्फान फुप्फुसाचे तंतुमय काठिण्य करते, तेही औषध थांबून कित्येक महिने वा वर्षे लोटल्यावर. आज त्याचा वापर मुख्यतः अस्थिमज्जारोपणापूर्वी होतो. तेव्हा ज्याचे रोपण झाले आहे तो पूर्ण बरा झालेला दिसला तरी त्याचा कोरडा खोकला हलक्यात घेऊ नये.

संकट टळल्यावर मात्र रुग्ण आपला आहे. फुप्फुसाचा दाह शमून, रक्ताचे आकडे सावरून तो घरी आला म्हणजे अग्नी मंद, बल क्षीण, निद्रा भंगलेली अशी त्याची अवस्था असते. आम्ही आरंभी लाजामंड, मुगाचे कढण, जुन्या तांदळाचा मऊ भात व ताजे तूप एवढ्यावर ठेवतो. सर्व अन्न शिजलेले व गरम असावे. गव्हांकुराचा रस, गुळवेलीचा ताजा स्वरस, न सोललेली फळे ही श्वेतकण सावरेपर्यंत नकोत, कारण कच्च्या रसातील जंतू अशा शरीराला पुरेसे होतात. पहिल्या पंधरवड्यात दीर्घ श्वसन, बसल्या बसल्या हातांची हालचाल, मग घरातल्या घरात चालणे; भस्त्रिका व कपालभाती नाही. कोणतेही आभ्यंतर औषध सुरू करण्यापूर्वी आम्ही त्याचे नाव व घटकद्रव्ये एका कागदावर लिहून रुग्णाबरोबर परळला पाठवितो. कधी 'चालेल' असे उत्तर येते, कधी 'केमोथेरपी संपल्यावर' असे येते. दोन वेळा तर तेथील डॉक्टरांनी घटकद्रव्यांची लॅटिन नावे कळविण्यास सांगितले, आणि ती आम्ही नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील आमच्या द्रव्यगुणाच्या जुन्या सहाध्यायांकडून तपासून घेऊन कळविली.